गोठलेल्या पाण्याने फुटलेले इंजिन

काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर ती तडकते. पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काच ठिसूळच, तिचे नवल नाही. पण हेच पाणी बिडाचे जाडजूड इंजिनही फोडते. अमेरिकेच्या उत्तर भागात शर्यतीच्या मोटारींना हा धोका दर हिवाळ्यात असतो.

शर्यतीच्याच मोटारी का? साध्या मोटारीच्या पाण्यात एथिलीन ग्लायकॉल घालतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासही गोठत नाही. परंतु ते सांडले तर लवकर वाळत नाही आणि रस्ता निसरडा होतो. मागून भरधाव येणाऱ्या मोटारींना ते जीवघेणे ठरेल, म्हणून पुष्कळशा शर्यतमार्गांवर ग्लायकॉल वापरण्यास बंदी असते. तेव्हा इंजिनात साधे पाणीच भरावे लागते.

शरद ऋतूत शर्यती संपतात आणि मोटार थंड गॅरेजमध्ये उभी राहते. मालक रेडिएटरची तोटी उघडून पाणी सोडतो आणि निर्धास्त होतो. येथेच घोटाळा होतो. शेव्हरोले कंपनीने १९५५ साली आणलेले बिडाचे व्ही-८ इंजिन घ्या. त्याचे वंशज आजही शर्यतीत धावतात. त्यात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असून प्रत्येक रांगेभोवती पाण्याची पोकळी असते. ती रिकामी करण्यासाठी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना तळाशी एकेक प्लग असतो. तो काढला नाही, किंवा काढूनही गंजाच्या गाळाने भोक बुजलेले असले, तर पाणी आतच राहते.

आता बर्फाची ताकद पाहू. पाण्याला फुगण्यास जागाच दिली नाही, तर त्याचा दाब वाढतो आणि दाबाबरोबर गोठणबिंदू खाली उतरतो. गोठणबिंदू एक अंशाने उतरण्यास सुमारे १३० वातावरणांचा दाब लागतो. उणे ५ अंशांना कोंडलेले पाणी अशा रीतीने सुमारे ६०० वातावरणांपर्यंत दाब देऊ शकते. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद भिंतीवर साठ टनांहून अधिक भार! एरवी त्या भिंतीवर फार तर एखाद-दुसऱ्या वातावरणाचा जादा दाब येतो, म्हणून ती काही मिलिमीटर जाडीचीच ओतलेली असते.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या दिसतात. पाणी गोठले की त्या निखळून इंजिन वाचते, असे पुष्कळ मेकॅनिक सांगतात. वास्तविक ती भोके ओतकामासाठी असतात. आतली पोकळी तयार करणारा वाळूचा गाभा त्यांतून आधार घेतो आणि पुढे वाळूही तेथूनच बाहेर काढतात. टोपी निखळून ब्लॉक वाचतो असे कधी घडतेही, पण त्यावर विसंबता येत नाही. टोप्या निखळल्या आणि ब्लॉकही फुटला, असेही होते.

संशय आला तर पहिला नियम असा, की इंजिन सुरू करून पाहायचे नाही. पाणी सिलिंडरमध्ये उतरले असेल, तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सुई काढलेल्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबून पाहा: आधी हवा भरून, मग पाणी भरून. फरक हातालाच कळेल.

म्हणून आधी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात. मग तेलाच्या चेंबरचा प्लग हळूच सैल करतात. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत शिरले असल्यास तेलाआधी पाणीच गळते. इंजिन आधीच चालवलेले असेल तर तेल दुधाळ झालेले दिसते. बाहेरच्या भिंतीची चीर गळणाऱ्या पाण्यावरून समजते; आतली चीर मात्र लपून राहते. मग इंजिन पूर्ण खोलून ब्लॉक स्वच्छ करतात, सर्व तोंडे रबर व पट्ट्यांनी बंद करून आत हवा भरतात आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधतात.

दुसरी परीक्षा चुंबकाची. बिडावर शक्तिशाली चुंबक ठेवून लोखंडाची बारीक पूड भुरभुरवतात. चिरेपाशी चुंबकीय बलरेषा बाहेर सांडतात आणि पूड तेथेच ओळीने चिकटते. बलरेषांना समांतर असलेली चीर मात्र दिसत नाही, म्हणून चुंबक फिरवून पुन्हा पाहावे लागते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर ही युक्ती चालत नाही. तेथे लाल रंगाचे द्रव लावून पुसतात व वर पांढरी पूड फवारतात; चिरेत शिरलेला रंग केशाकर्षणाने वर येऊन लाल रेघ उमटते.

चीर सापडली, आता वेल्डिंग केले की झाले? बिडाच्या बाबतीत ते सोपे नाही. त्यात सुमारे ३ टक्के कार्बन असतो. वेल्डिंगची जागा भोवतालच्या थंड धातूमुळे झपाट्याने निवते, तेथे काचेसारखे कडक व ठिसूळ लोहकार्बाइड बनते आणि आकसताना शेजारीच नवी चीर पडते. ते टाळायचे तर सबंध ब्लॉक भट्टीत लाल होण्याच्या बेतापर्यंत तापवून वेल्डिंग करावे लागते आणि मग अगदी सावकाश निववावा लागतो. एवढ्या उष्णतेने ब्लॉक थोडा वाकतोच, म्हणून सिलिंडर पुन्हा घासावे लागतात.

दुसरा उपाय मला अधिक सुंदर वाटतो: थंडपणे धातू शिवणे. प्रथम चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडतात. चिरेच्या धारदार टोकाशी ताण एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. मग चिरेवर भोक पाडून त्यात आटे काढतात, स्क्रू पिळून बसवतात आणि वरचा भाग कापतात. पुढचे भोक आधीच्या स्क्रूचा थोडा भाग खाऊन पाडतात. असे एकमेकांत गुंतलेले स्क्रू बसवत गेले की सगळी चीर नव्या धातूने भरते. शेवटी वरून हलके ठोकून पृष्ठभाग घासतात आणि ब्लॉक पुन्हा हवेच्या दाबाच्या परीक्षेस लावतात.

चीर बाहेरच्या भिंतीत असेल तर असा ब्लॉक पुन्हा शर्यतीत उतरू शकतो. सिलिंडरच्या भिंतीत असेल तर तेथे नवा स्लीव्ह बसवावा लागतो. पण क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला आधार देणाऱ्या भागात ती गेली असेल, तर प्रत्येक स्फोटाचा धक्का तेथेच बसतो. असा ब्लॉक जाणते कारागीर भंगारात काढतात.