दरडीवरचा पहारा किती पावसाळे टिकेल?

नवीन पनवेलहून कर्जतकडे जाताना चौकच्या आसपास इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता आणि दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावही नव्हते. अशा डोंगरांवर बिनतारी सेन्सरचे जाळे हवे, ही मागणी रास्तच आहे. मात्र यादीबाहेरच्या वाड्याही जपायच्या असतील, तर सेन्सर शेकड्यांनी लागतील, आणि भर पावसात सेल बदलायला वर कोणी चढणार नाही. म्हणून अशा जाळ्यातली वीजबचत हा खर्चाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न मानला पाहिजे.

मातीचा ओलावा किंवा उताराचा कल मोजायला वीज फारशी लागत नाही. ती खातो रेडिओ. तोही केवळ बोलताना नव्हे. अशा जाळ्यांत पुष्कळ वापरली गेलेली सीसी२४२० ही चिप पूर्ण ताकदीने संदेश पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते, तर नुसते ऐकताना १८.८. रेडिओ अखंड चालू ठेवला, तर दोन पेन्सिल सेल पाच-सहा दिवसांत संपतात. तोच ९९ टक्के वेळ झोपवला, तर कागदावर दीड वर्षाच्या आसपास चालतात. इतरांचे निरोप पोचवणारा सेन्सर सर्वांत आधी थकतो. त्यावर एमआयटीच्या संशोधकांनी २००० साली ‘लीच’ ही पद्धत मांडली: निरोप पुढे पोचवणाऱ्या गटप्रमुखाचे काम पाळीपाळीने सगळ्यांनी करायचे.

झोपलेल्या सेन्सरला दरड कळणार कशी, हा आक्षेप गंभीर आहे. पण झोपतो तो रेडिओ. मोजणारा भाग अगदी थोड्या विजेवर जागा राहू शकतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की रेडिओला उठवतो. उन्हाळ्यात दिवसाला एक नोंद पुरेल, संततधारेत ती काही मिनिटांनी हवी. शांत सेन्सर झोपला आहे की मेला, हे कळण्यासाठी ठरल्या वेळी हजेरीचा छोटा संदेश मात्र अनिवार्य ठेवावा. तिथे बचत नको. सोलर पॅनेल लावा, असेही सुचवले जाते. जरूर लावावे, पण धोका सर्वाधिक असतो तेव्हाच सह्याद्रीत ऊन सर्वांत कमी मिळते. मोठ्या बॅटरीने प्रत्येक सेन्सरची किंमत आणि वजन वाढते, आणि तेवढ्याच पैशात कमी डोंगर राखले जातात.

सेन्सर पुनर्वसनाची जागा घेऊ शकत नाही, हे खरेच. पण पुनर्वसनाला वर्षे लागतात आणि पावसाळा दरवर्षी येतो. दरडीचा अंदाज घेण्यासाठी खडकातला ताण मोजणाऱ्या सेन्सरच्या जाळ्यावर आयआयटी मुंबईत २००५ च्या सुमारासच काम झाले होते. विद्या आपल्याकडे आहे. नवीन पनवेल परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत आणि हे डोंगर त्यांच्यापासून फार दूर नाहीत. संगणकावरच्या नमुन्यात वाचलेली वीज खऱ्या आषाढात वाचते का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना तपासता येईल. आणि शासनाने अशा यंत्रणेची निविदा काढताना अचूकतेच्या जोडीने आणखी एक अट घालावी: सेल न बदलता ती किती पावसाळे चालली, याचा डोंगरावरचा पुरावा.