मोटारीचे सांधे : डागडुजी की बदल?

पावसाळा ओसरून चोर्ल्याच्या घाटाने पणजीकडे अथवा आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे जाणारी वर्दळ वाढू लागली, की बेळगावातल्या गॅरेजांत एकच तक्रार कानी पडते. गाडी फार आदळते, खड्ड्यात गेली की खालून खडखड ऐकू येते. मेस्त्री गाडीखाली शिरतो, बाहेर येतो, हात पुसतो आणि म्हणतो, “सगळंच बदलावं लागेल.” पुढे तो जो आकडा सांगतो, तो ऐकून गृहस्थाच्या मनात दोन संशय एकदमच उभे राहतात. हा मनुष्य आपल्याला लुबाडीत तर नाही ना? आणि याचे न ऐकावे, तर बायकामुलांना घेऊन त्या घाटातून जाणे सुरक्षित आहे काय?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर द्यायचे, तर गाडीच्या पोटाखाली काय असते याची थोडी ओळख करून घ्यावयास हवी. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. परंतु स्प्रिंगचा स्वभाव असा, की एकदा दाबली गेली म्हणजे ती आपण होऊन थांबत नाही. वर-खाली होतच राहते. तिला आवर घालतो तो शॉक अब्सॉर्बर, आपल्याकडचा ‘शॉकअप’. त्याच्या नळकांड्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. याखेरीज चाकाला गाडीशी जोडणारे लोखंडी हात, त्या हातांच्या मुळाशी बसविलेले रबरी बुश आणि टोकाशी असलेले बॉल जॉइंट, असा हा सारा परिवार आहे. माणसाच्या गुडघ्यांप्रमाणे त्याचीही झीज इतकी हळूहळू होते, की रोज गाडी चालविणाऱ्यास ती जाणवतच नाही.

पूर्वी सारेच दुरुस्त होई

अँबॅसडरच्या काळात ‘बदलून टाका’ हा शब्द सहसा ऐकू येत नसे. त्या गाडीला मागे पोलादी पाटे असत. एखादा पाटा तुटला तर तेवढाच नवा घालीत. कमान बसली तर पाटे उतरवून तिला पुन्हा बाक देत. सांध्यांत वेळोवेळी ग्रीस भरण्याची सोय असे. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, ती पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना हलकी, आटोपशीर व स्वस्त. परंतु तिच्यात शॉक अब्सॉर्बर हाच चाकाला आधार देणारा खांबही असतो. आजच्या बहुतेक लहान मोटारींत हीच रचना आहे, आणि तिचे पुष्कळसे भाग कारखान्यातच कायमचे बंद करून येतात. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिच्याबरोबर तो दुरुस्तीचा संसारही बराचसा आवरला गेला. तेव्हा आजचा मेस्त्री ‘बदला’ म्हणतो, ते नेहमीच लोभाने म्हणतो असे नाही.

काय दुरुस्त करावे, काय बदलावे?

येथे एक साधी कसोटी लावावी. जो भाग उघडण्यासाठीच बनविला आहे, तो दुरुस्त करावा. जो बंद करून पाठविला आहे, तो बदलावा. बुश झिजले असतील आणि लोखंडी हात सरळ व शाबूत असेल, तर जुने बुश दाबयंत्राने काढून नवे बसविता येतात. मात्र बुश मिळण्याजोगे हवेत व काम जाणत्या हाताचे हवे. बॉल जॉइंट काही गाड्यांत बोल्टने बसविलेला असतो, तेथे तो एकटा बदलता येतो. काही गाड्यांत तो हाताशी एकजीव असतो, तेथे पूर्ण हातच बदलणे प्राप्त होते.

शॉक अब्सॉर्बरवर तेलाचा पुसट ओलसरपणा दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. तेल ओघळत असेल, तर त्याची सेवा संपली. काही ठिकाणी असे नळकांडे कापून, तेल भरून, झाळून परत देतात. समजा, त्याला नव्याच्या निम्मे पैसे पडले आणि ते नव्याच्या चौथाई काळ टिकले. तेवढ्याच काळात चार वेळा खर्च केला म्हणजे नव्याच्या दुप्पट पैसे गेले. काढण्या-बसविण्याची मजुरी चौपट, ती वेगळीच. स्वस्ताई ती हीच काय?

तुटलेली स्प्रिंग आणि सैल झालेला बॉल जॉइंट यांविषयी मात्र घासाघीस करू नये. बॉल जॉइंट निसटला, तर चाक आडवे होते व गाडी ताब्यात राहत नाही. तेथे पुढच्या महिन्याचा वायदा नको.

मालकाने काय पाहावे?

सपाट जागी गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. ती एकदा उसळून स्थिरावली तर ठीक. डोलत राहिली तर शॉक अब्सॉर्बर थकला असे समजावे. तथापि ही ढोबळ परीक्षा आहे. तिच्यात उतरलेली गाडीही सदोष असू शकते. टायरवरून तळहात फिरवावा. अंतराअंतराने खोलगट झीज लागली, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. आणि जे चाक टेकत नाही, ते ब्रेक लावल्यावर थांबवीतही नाही. घाटातल्या ओल्या वळणावर याचा अर्थ सांगावयास नको.

मेस्त्रीला सांगावे, “सैल भाग मला हलवून दाखवा.” चाक उचलून पहारीने सांधा हलविला, की खेळ डोळ्यांना दिसतो. प्रामाणिक कारागिराला या मागणीचा राग येत नाही. बदललेले जुने भागही मागून घ्यावेत.

काम करतानाचे पथ्य

शॉक अब्सॉर्बर व स्प्रिंगा एकाच आसावर जोडीनेच बदलाव्यात. एक नवी व एक जुनी असली, तर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी वागत नाही. स्ट्रट उतरविलाच आहे, तर त्याच्या माथ्यावरचे रबर व बेअरिंगही पाहून घ्यावे, कारण मजुरी तीच पडते. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना अखेरचे आवळावेत. लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर वर्षाच्या आत वाया जातील. दाबलेली स्प्रिंग घरी उघडण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. ती सुटली तर जिवावर बेतते.

राहता राहिला गाडीच्या वयाचा प्रश्न. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडी दोन वर्षांत काढायचीच असेल, तर आवाज करणारे पण धोका नसणारे लहानसहान भाग तसेच चालविण्यास हरकत नाही. पण सुरक्षिततेचा भाग असेल, तर गाडीचे आयुष्य किती उरले हा हिशेब तेथे गैरलागू आहे. त्या गाडीतून प्रवास करणाऱ्यांचे आयुष्य किती उरावे, एवढाच हिशेब तेथे करावयाचा असतो.