पाय पाहून जोडा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जोड्याच्या बाबतीत मात्र उलटा न्याय लागू पडतो. तेथे पाय पाहूनच जोडा घ्यावा लागतो. ही साधी गोष्ट आम्ही कशी शिकलो, ते प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी शाळेच्या क्रीडामहोत्सवात १५०० मीटरांच्या शर्यतीत इयत्ता नववीतील एक मुलगा मध्येच थांबला आणि मैदानाच्या कडेस जाऊन बसला. जोडा काढून पाहतो तो टाचेचे कातडे सोललेले, आणि जोड्याच्या टोकाशी कापसाचा बोळा! ‘पाय वाढता आहे, पुढील वर्षीही चालेल’ ह्या विचाराने वडिलांनी दोन नंबर मोठा जोडा घेतला होता. त्यांच्या काटकसरीस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. कारण ‘नवा जोडा आहे, आता निर्धास्त धाव’ असे आम्हीच त्याला म्हटले होते. आमचे स्वतःचे बालपण कोंकणच्या वाळूत अनवाणी धावण्यात गेले. त्यामुळे जोड्याविषयीचे आमचे अज्ञान मोठेच होते.

मित्रहो, मनुष्याच्या एका पायात २६ हाडे असतात. धावताना पाऊल जमिनीवर पडते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार त्यावर येतो. तळव्याची कमान त्या वेळी किंचित दबते व पाऊल थोडे आतल्या बाजूस कलते. हा दोष नव्हे. धक्का पचविण्याची ती निसर्गाचीच योजना आहे.

ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून पाहावा, ठसा भरीव असल्यास ताठ जोडा घ्यावा, मध्ये फार अरुंद असल्यास मऊ घ्यावा, असा नियम पुष्कळ वर्षे सांगितला जात असे. अमेरिकेच्या सैन्यदलांत नव्या भरतीच्या जवानांवर हा नियम कसोटीस लावण्यात आला. २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, तळव्याच्या आकारानुसार जोडे दिल्याने दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग ह्यांनी २०१५ साली असे मत मांडले, की धावणाऱ्याने ज्यात आपणांस सर्वाधिक सुख वाटते तोच जोडा निवडावा. ठसा पाहण्यात गंमत आहे. निवाडा मात्र पायानेच करावयाचा.

तो निवाडा करावा कसा? दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून खरेदीस सायंकाळी जावे. धावताना वापरावयाचे मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पाय क्वचितच तंतोतंत सारखे असतात. उभे राहून दोहोंचे माप घ्यावे आणि मोठ्या पायाचा जोडा घ्यावा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बोटे मोकळी पसरावीत, पण टाच वर निसटू नये. एकाच नंबराचे जोडे निरनिराळ्या कंपन्यांत लहानमोठे असतात. म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये, दुकानातच चार पावले धावून पाहावे. ‘वापरून सैल होईल’ ह्या आश्वासनास भुलू नये. तसेच वरून नवा दिसणारा जोडाही साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर आतून दबून निकामी होऊ लागतो.

इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोम येथे मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला. नवे जोडे त्याच्या पायांस सुखावह झाले नव्हते. १९६४ साली टोकियोस तो जोडे घालून धावला आणि पुन्हा जिंकला. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावली. २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने १०,००० मीटरांत रौप्यपदक मिळविले. ह्यावरून हैदराबादच्या तापलेल्या डांबरावर कोणी अनवाणी धावावे, असे मुळीच नव्हे. पण जोडा महाग नाही म्हणून कोणी मैदानावरून मागेही फिरू नये.

त्या मुलाच्या वडिलांसह आम्ही पुढे दुकानात गेलो. आमच्या बरकतपुऱ्याच्या शेजारी चप्पल बाजार नावाचीच वस्ती असली, तरी योग्य जोडा मिळावयास तीन दुकाने पालथी घालावी लागली. सर्वांत महागडा जोडा मुलाच्या पायास बसला नाही. निम्म्या किमतीचा, साधा, करड्या रंगाचा बसला. वडिलांनी दोनदा विचारले, “खरेच हाच ना?” मुलगा दुकानाच्या दारापर्यंत धावून आला आणि हसला.

ह्या वर्षी तो शर्यतीत चौथा आला. पदक मिळाले नाही. परंतु शेवटच्या फेरीत त्याची दृष्टी पुढच्या मुलाच्या पाठीवर होती, स्वतःच्या पायांकडे नव्हती. जोडा नीट बसल्याची ह्याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाही.