हैदराबादची ‘इजिप्तची राजकन्या’ खरेच राजकन्या आहे का? ममीचे स्कॅन काय सांगते आणि काय सांगत नाही

इजिप्तच्या राजघराण्यातली ममी पाहायची तर कैरोचे विमान पकडावे लागते, असा आपला समज. पण शिरूर अनंतपाळहून उदगीर गाठायचे, तिथून बीदर, विकाराबाद मार्गे हैदराबादची रेल्वे धरायची आणि नामपल्लीला उतरून पब्लिक गार्डन्सपर्यंत चालत जायचे, एवढ्या अंतरावर एक ममी आहे. लातूर जिल्ह्यातली माणसे दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबादला जातातच. चारमिनार आणि सालारजंग पाहून परततात. ही ममी मात्र राहून जाते.

या वेळी लातूरला ‘नीट’ची तयारी करणारी मामेबहीण सोबत होती. तेलंगणा राज्य पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयात त्या काचेच्या पेटीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “दादा, ही राजकन्या आहे हे कुणी ठरवलं?”

प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढे साधे नाही. समजून घेऊ या.

ममी हैदराबादेत आली कशी?

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे जावई नझीर नवाज जंग यांनी ही ममी १९२० च्या सुमारास १,००० पौंडांना विकत घेतली, असे सांगितले जाते. पुढे ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली आणि त्यांनी ती १९३० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संग्रहालयाला दिली.

तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. शिरूर अनंतपाळचा कारभारही हैदराबादहूनच चालायचा. म्हणजे त्या काळी हे आपल्याच राज्याचे सरकारी संग्रहालय होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण वेगळ्या राज्यात गेलो.

ममी विकत कशी मिळाली, असा प्रश्न पडेल. इजिप्तमध्ये तेव्हा प्राचीन वस्तूंचा परवानाधारक व्यापार चालत होता. कैरोच्या सरकारी संग्रहालयातही विक्रीचे दालन होते. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामुनची कबर सापडली आणि जगभर इजिप्तचे वेड आणखी वाढले. हा व्यापार पूर्णपणे बंद झाला तो १९८३ च्या कायद्याने.

‘सहाव्या फॅरोची मुलगी’ म्हणजे कोणाची?

या ममीची प्रचलित ओळख अशी आहे: नाव नायशू, सहाव्या फॅरोची मुलगी, मृत्यूच्या वेळी वय साधारण १६ ते १८. गोम ‘सहाव्या’ या शब्दात आहे.

इजिप्तवर सुमारे तीन हजार वर्षे फॅरोंनी राज्य केले. इतिहासकार त्यांची सुमारे ३० घराण्यांत विभागणी करतात. त्यामुळे नुसते ‘सहावा फॅरो’ म्हटल्याने कोणताही राजा ठरत नाही. ‘सहावा’ हा आकडा एका नावाच्या राजांच्या क्रमात येतो, जसा आपल्याकडे निजामांचा क्रम आहे.

ममीचा काळ अनेक ठिकाणी इ.स.पू. ३०० ते १०० असा दिला जातो. तेव्हा इजिप्तवर टॉलेमी या ग्रीक घराण्याची सत्ता होती. त्यातला सहावा टॉलेमी इ.स.पू. १८० ते १४५ या काळात गादीवर होता. पण त्याच्या इतिहासाला माहीत असलेल्या मुली म्हणजे क्लिओपात्रा थिआ आणि क्लिओपात्रा तिसरी. त्यांत नायशू नाही. शिवाय टॉलेमी राजांच्या कबरी अलेक्झांड्रियात होत्या आणि त्या आजवर सापडलेल्या नाहीत.

काही बातम्यांत ममी २,५०० वर्षांची असल्याचे लिहिलेले असते. तो आकडा धरला तर आपण इ.स.पू. ५०० च्या आसपास पोहोचतो. तेव्हा इजिप्त इराणी सम्राट दारयवहूच्या ताब्यात होता. दोन्ही आकड्यांनी ‘सहाव्या फॅरोची मुलगी’ ही कथा जुळत नाही.

मग राजघराण्याची ममी ओळखतात कशी?

मुख्य आधार तीन:

• लेख: राजाराणीचे नाव चित्रलिपीत एका लांबट वर्तुळात लिहीत. शवपेटीवर, कापडावर असे नाव आणि पदवी असेल तर तो मोठा पुरावा.

• जागा: ममी कुठे सापडली? १८८१ मध्ये देर अल-बहरी येथे एकाच लपवलेल्या कबरीत अनेक राजांच्या ममी मिळाल्या. बाजारातून आलेल्या ममीची ही माहितीच हरवलेली असते.

• नाते: ज्ञात राजाच्या डीएनएशी जुळणी. २०१० मध्ये तुतनखामुनच्या कुटुंबाबाबत असा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण तुलनेला दुसरी ज्ञात ममी लागते.

सोनेरी मुखवटा किंवा रंगीत आवरण हा मात्र राजेशाहीचा पुरावा नाही. टॉलेमी काळात ऐपत असलेली सामान्य कुटुंबेही माणसाला असेच सजवून निरोप देत. ममीवरचे रंगीत कवच कापडाचे किंवा जुन्या पपायरसचे थर चिकटवून आणि वर चुन्याचा लेप देऊन करत. आपल्याकडे आजी जुन्या टोपल्यांना कागद आणि मेथीचा लगदा लावून वर रंग द्यायची, त्याच जातीचे हे काम.

स्कॅनमध्ये काय दिसले?

काळाच्या ओघात आवरणाचे थर सुटू लागल्याने ममीच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. त्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जतनतज्ज्ञांचाही सहभाग होता. त्याच सुमारास, २०१६ मध्ये, ममीची एक्स-रे आणि सीटी स्कॅन तपासणी झाली. निष्कर्ष असा, की ही स्त्रीच आहे, पण मृत्यूच्या वेळी तिचे वय १६ नव्हे, तर सुमारे २५ असावे.

सीटी स्कॅन म्हणजे शरीराभोवती फिरत घेतलेले असंख्य एक्स-रे. संगणक त्यांतून एकेक पातळ काप तयार करतो आणि काप जोडून त्रिमितीय आकृती उभी करतो. हाड, कापड, राळ आणि धातू एक्स-रे वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, म्हणून ते वेगळे ओळखू येतात. एकही पट्टी न सोडता आतले दिसते. लातूरच्या दवाखान्यात पोटदुखीसाठी काढतात, तेच हे तंत्र.

वय कसे कळते, हे मामेबहिणीनेच तिथे उभ्या उभ्या सांगितले. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. साधारण विशीपर्यंत ती भरून हाड एकसंध होते. गळपट्टीच्या हाडाचे आतले टोक सर्वांत उशिरा, पंचविशी-तिशीकडे जुळते. अक्कलदाढाही मदत करतात. म्हणून सोळा की पंचवीस, हा प्रश्न हाडे सोडवू शकतात.

वडील कोण होते, हे मात्र हाडांवर लिहिलेले नसते.

मुंबईत २०१२-१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे ममीवरील प्रदर्शन भरले होते. त्यातल्या नेस्पेरेन्नुबच्या स्कॅनमध्ये डोक्याला चिकटलेले मातीचे भांडे दिसले होते, बहुधा ममी करणाऱ्यांच्या हातून राळेत अडकून राहिलेले. पण तो कर्नाकच्या मंदिरातला पुजारी होता, हे स्कॅनने सांगितले नाही. ते त्याच्या शवपेटीवर लिहिलेले होते.

काचेच्या पेटीत काय आहे?

ममी आता प्राणवायूविरहित, हवाबंद पेटीत आहे. आत नायट्रोजन भरलेला असतो. कीटक आणि बुरशीला जगायला प्राणवायू लागतो; कापड आणि रंगही त्यामुळे झिजतात. प्राणवायूच नसेल तर हे सारे मंदावते. मूळची प्रक्रियाही कोरडेपणावरच आधारलेली होती: आतडी, यकृत असे अवयव काढायचे, हृदय बहुधा ठेवायचे, नेट्रॉन नावाच्या क्षारात शरीर सुकवायचे आणि राळ लावून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळायचे. सारे विधी धरून साधारण ७० दिवस.

‘राजकन्या’ नसेल तर काय फरक पडतो?

खुद्द इजिप्तने ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्यांच्या ममी कैरोत मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेल्या. ज्यांची नावे शिल्लक आहेत, त्यांना असा मान मिळतो. कोलकाता, जयपूर, वडोदरा, लखनौ आणि हैदराबादच्या ममी खरेदीतून किंवा भेट म्हणून आल्या. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ‘राजकन्या’ हा शब्द किंमत वाढवणारा होता.

राजकन्या असल्याचा पुरावा नाही, म्हणून ती नव्हतीच, असेही म्हणता येत नाही. हाती ठोस आहे ते एवढेच: पंचविशीतली एक बाई, आणि तिच्या माणसांनी तिच्यासाठी केलेला मोठा खर्च आणि मेहनत.

जाणार असाल तर

संग्रहालय पब्लिक गार्डन्समध्ये आहे, हैदराबाद म्हणजेच नामपल्ली स्थानकापासून जवळ. निघण्याआधी सुटीचा दिवस तपासा. पेटीसमोर आवाज कमी ठेवा. ती वस्तू नाही, माणूस आहे.

परतीच्या गाडीत मामेबहिणीने मोबाइलवरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, ‘नायशू, वय अंदाजे २५.’ राजकन्या हा शब्द तिने लिहिला नव्हता.