पी००८७ म्हणजे पंपच नव्हे

समजा, भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून मिरची भरून निघालेली पिकअप अजिंठ्याच्या डोंगरात चढाला लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला. गाडी ओढेना. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला, स्क्रीनवर आलं : पी००८७, रेल प्रेशर कमी. आणि निकाल लागला, 'पंप गेला!'

हा सॉकेट अमेरिकेत १९९६पासून सक्तीचा. आपल्याकडे तो पसरला धुराच्या प्रदूषणावरच्या बीएस, म्हणजे भारत स्टेज नियमांबरोबर. बीएस-४ गाड्या २०१०मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत आल्या. देशभर ते नियम लागू झाले एप्रिल २०१७मध्ये आणि बीएस-६ एप्रिल २०२०मध्ये, मोटारसायकलींसकट. तेव्हापासून खेड्यातल्या गॅरेजचंही स्कॅनरवाचून भागेना.

पण हा कोड सांगतो एवढंच, की गाडीच्या कंप्युटरने डिझेलचा जेवढा दाब मागितला तेवढा रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, आला नाही. फिल्टर तुंबलेला असेल, पाइप हवा पकडत असेल, इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडत असेल, सेन्सरच चुकीचं सांगत असेल. पंपही असेल, नाही असं नाही. पण यात सगळ्यात स्वस्त फिल्टर आणि सगळ्यात महागड्यांपैकी एक पंप. तपासायला सुरुवात कुठून करायची, हे गाडीमालकालाही कळतं.

कोड नोंदवताना कंप्युटर त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनावरचा लोड, पाण्याचं तापमान जपून ठेवतो. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. ती न बघता कोड पुसणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. निदान मोबाइलवर फोटो तरी काढावा. मग लाइव्ह डेटा उघडून मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी बघायचे. आयडलला साधारण २५० ते ३०० बार पुरतात, चढावर हजाराच्या पुढे लागतात. आयडलला दोन्ही आकडे जुळतात आणि लोड आला की मिळणारा मागे पडतो, तर आधी फिल्टर खोला. त्यात पाणी किंवा गाळ सापडला, तर डिझेल कुठल्या ड्रममधून भरलं हेही विचारा.

पुढची तपासणी स्कॅनरशिवायची. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं. एखादी बाटली भराभर भरली, की संशय त्या इंजेक्टरवर. माझ्या मते स्कॅनरवर बोट फिरवणाऱ्यापेक्षा या बाटल्या लावणारा मिस्त्री जास्त भरवशाचा.

एक मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावर छापलेला नंबर कंप्युटरला द्यावा लागतो, आणि मोबाइलला जोडायच्या स्वस्त ब्लूटूथ यंत्राने सहसा ते होत नाही. इंजेक्टर बाहेर काढण्याआधीच त्या गॅरेजात कुठला स्कॅनर आहे, हे विचारून घ्या.