वाचायला शिकताना (भाग ६) : मूल नेमकं कुठे अडलंय?

गेल्या भागात बाराखडीपाशी अडून राहणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. चाळीस जणांच्या वर्गात ती ओळखायची कशी, ते आज पाहू.

लेखी परीक्षेतून हे कळत नाही. पाठ झालेला धडा ओळीवर बोट फिरवत म्हणणारं मूल वाचतंय असंच वाटतं. त्याला एकट्याला जवळ बसवून अनोळखी मजकूर द्यावा लागतो. २००५ पासून गावोगावी घरी जाऊन घेतल्या जाणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या वाचनचाचणीला एक कागद पुरतो. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून होते. तो जमला तर गोष्ट, नाहीतर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. एका मुलामागे काही मिनिटं जातात.

पण पातळी कळली म्हणजे काम संपत नाही. चुका ऐकाव्या लागतात. ‘शब्द’ पातळीला अडलेल्या दोघांपैकी एक ‘मासा’ला ‘मस’ म्हणतो, त्याच्या नजरेतून काना सुटतो. दुसरी ‘किती’पाशी थांबते, कारण पहिली वेलांटी लिहिलेली दिसते ‘क’च्या आधी आणि उच्चारायची असते नंतर. पहिल्याला मळ–माळ, कर–कार अशा जोड्या हव्यात. दुसरीला त्यांचा उपयोग नाही, तिच्यासोबत वेलांटीवरच बसायला हवं. म्हणून वहीत बरोबर-चूकची खूण करू नये, मूल जे बोललं ते जसंच्या तसं लिहावं. गट पाडायचे ते या नोंदीवरून.

गट लहान केला की काम झालं, हा समज मला धोक्याचा वाटतो. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी शाळेच्या वेळात रोज दोनेक तास वेगळं शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले होते, भाषेपेक्षा गणितात जास्त. मात्र मूळ वर्गातच राहिलेल्या इतर मुलांना पट कमी झाल्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. माझ्या मते फरक पडला तो मुलाला त्या दिवशी जे हवं होतं ते मिळाल्यामुळे.

गट कायमचे ठेवू नयेत. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यावं आणि मुलं हलवावीत, नाहीतर गटाचा ‘ढ’ असा शिक्का होतो आणि मुलं तो फार लवकर ओळखतात. शिक्षक एका गटापाशी वीस मिनिटं बसले असताना बाकीच्यांना जोडीनं वाचायला चित्रांची पुस्तकं द्यावीत. गोष्ट ऐकायला मात्र सगळा वर्ग एकत्र हवा. अक्षर न ओळखणाऱ्यालाही पुढे काय झालं, हे विचारायचा हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात जोडाक्षरं.