कारभारी बदलतांना

घरांत संगणक आला कीं त्याच्या पेटीकडे, पडद्याकडे आणि कळफलकाकडे सर्वांचें लक्ष जातें. परंतु या साऱ्या अवयवांकडून काम करवून घेणारा जो अदृश्य कारभारी आंत बसलेला असतो, त्याची आठवण बहुधा तो आजारी पडल्यावरच होते. ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात् कार्यप्रणाली, हाच तो कारभारी होय. कळ दाबतांच अक्षर उमटविणें, छायाचित्र मागितल्यास तें हार्ड डिस्कच्या कोणत्या कप्प्यांत आहे हें शोधून आणणें, छपाईच्या यंत्राशीं व इंटरनेटशीं व्यवहार ठेवणें आणि परक्याला दारांतच अडविणें, हीं सारीं कामें त्याच्याकडे असतात. कालांतरानें हा कारभारी थकतो किंवा सेवेंतून निवृत्त होतो, आणि त्याच्या जागीं नवा नेमणें प्राप्त होतें. अशा वेळीं घरधन्यानें कोणती सावधगिरी बाळगावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

जुना कारभारी काम करीत असतां तो बदलावाच कां, असा प्रश्न प्रथम उत्पन्न होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नियमित देखभाल थांबली. त्या दिवसानंतर एकही संगणक बंद पडला नाहीं. पडदा पूर्ववत् उजळत राहिला. थांबलें तें एवढेंच कीं, भिंतीला नवें भगदाड सांपडल्यास तें बुजविण्यासाठीं येणारा गवंडी सर्वांच्या घरीं येईनासा झाला. स्वतंत्र नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना मात्र आणखी एका वर्षाची सवलत जाहीर झाली. अशा भगदाडाचा परिणाम १२ मे २०१७ रोजीं जगानें पाहिला. वॉनाक्राय नांवाच्या घातक प्रोग्रॅमनें त्या दिवशीं अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना हजारों रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या छिद्रावरील उपाय कंपनीनें मार्च २०१७ मध्येंच प्रसिद्ध केला होता. ज्यांनीं तो घेतला नव्हता, तेच संकटांत सांपडले.

तेव्हां बदल टाळणें शहाणपणाचें नव्हे. परंतु नवा कारभारी कितीही प्रामाणिक असला, तरी घराच्या खाणाखुणा त्याला ठाऊक नसतात. ऑक्टोबर २०१८ च्या आरंभीं विंडोज १० ची एक मोठी सुधारित आवृत्ति वितरित होऊं लागली, आणि थोड्याच दिवसांत आपले कागदपत्र व छायाचित्रें नाहींशीं झाल्याच्या तक्रारी कांहीं लोकांकडून आल्या. शोध घेतां असें आढळलें कीं, या लोकांनीं आपला 'डॉक्युमेंट्स'सारखा फोल्डर मूळ जागेवरून अन्यत्र हलविला होता, पण कांहीं फाइली जुन्याच जागीं राहून गेल्या होत्या. नव्या आवृत्तीनें ती जुनी जागा निरुपयोगी समजून साफ झाडून टाकली. कंपनीनें वितरण थांबविलें, आणि दुरुस्त आवृत्ति १३ नोव्हेंबर २०१८ रोजीं पुन्हां निघाली. असे प्रसंग एकंदर संख्येच्या मानानें फारच थोडे होते, असें कंपनीनें सांगितलें, आणि तें खरेंही असेल. पण ज्याच्या घरीं तो प्रसंग घडला, त्याचें समाधान या हिशेबानें कसें व्हावें? कार्यप्रणाली बिघडली तर दुसरी बसवितां येते. मुलाच्या बारशाचें छायाचित्र किंवा आजोबांनीं टंकून ठेवलेल्या आठवणी कोणत्याही दुकानांत मिळत नाहींत. या विषयांतील सारे नियम या एकाच भेदांतून निघतात.

पहिला नियम प्रतीचा. कामाला हात घालण्यापूर्वीं घरच्या सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, व शक्य तर दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणीं असावी. 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' व 'पिक्चर्स' हे फोल्डर सर्वांना आठवतात. 'डाउनलोड्स' विसरला जातो. हिशेबाच्या प्रोग्रॅमांची माहिती पुष्कळदां त्यांच्या स्वतःच्याच फोल्डरांत असते. तीही शोधून घ्यावी. इंटरनेटवरील साठा संगणकाशीं सतत जुळलेला असेल, तर तेवढ्यावर विसंबून राहूं नये. कारण घरची फाइल पुसली गेली कीं तिचें तेथील प्रतिबिंबही पुसलें जाऊं शकतें. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर लावून त्यांतील दहापांच फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्या. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजतां घेतलेले पैसे होत.

मराठी कुटुंबांनीं येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. युनिकोड पद्धति रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा नांवांच्या फॉन्टांत पुष्कळ मराठी लेखन टंकित झालें. त्या फाइलींत देवनागरी अक्षरांचे स्वतंत्र संकेत नसून दुसऱ्याच चिन्हांचे संकेत असतात. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरी रूप देतो. कार्यप्रणाली नव्यानें बसविल्यावर तो फॉन्ट राहिला नाहीं, तर कागद शाबूत असूनही त्यावर रोमन अक्षरें व चिन्हें यांची निरर्थक खिचडी दिसते, आणि लेखन नष्ट झालें असा समज होतो. यास्तव असे फॉन्टही आधींच जपून ठेवावे, आणि सवडीनें तें लेखन युनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावें.

दुसरा नियम किल्ल्यांचा. कित्येक संगणकांतील हार्ड डिस्क आतां बिटलॉकरसारख्या व्यवस्थेनें कुलूपबंद असते, आणि प्रसंगीं ती उघडण्यास ४८ अंकांची किल्ली मागितली जाते. पुष्कळ वेळां ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत नोंदलेली असते. ती पाहून कागदावर उतरून ठेवावी. खात्याचा पासवर्ड, विकत घेतलेल्या प्रोग्रॅमांचे परवाने व वाय-फायचा पासवर्ड हेंही त्याच कागदावर असावें, आणि तो कागद कपाटांत कुलुपाखालीं ठेवावा.

तिसरा नियम पद्धतीच्या निवडीचा. एका पद्धतींत जुन्या कार्यप्रणालीवरच नवी आवृत्ति चढविली जाते. फाइली व प्रोग्रॅम सामान्यतः जागच्या जागीं राहतात. दुसरींत डिस्क पुसून सर्व कांहीं नव्यानें मांडलें जातें. विषाणूंचा उपद्रव किंवा असाध्य बिघाड असेल तरच दुसरीकडे वळावें. एरवीं पहिली पुरेशी होते. विंडोज ११ साठीं किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणुकीची जागा व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. संगणक योग्य आहे कीं नाहीं, हें कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा प्रोग्रॅम सांगतो. अयोग्य ठरलेला संगणक लगेच भंगारांत काढण्याचें कारण नाहीं. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या विनामूल्य कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरूनच सुरू करून, डिस्कला हात न लावतां, पारखून पाहतां येतात. कार्यप्रणाली मात्र तिच्या मूळ संस्थेच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. स्वस्तांत मिळणारी चोरटी प्रत म्हणजे ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या हातीं तिजोरी देणें होय.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशीं वेळ मोकळा असावा आणि विजेची शाश्वती असावी. लॅपटॉप चार्जरला जोडावा. टेबलावरील संगणकास यूपीएस नसेल, तर पावसाळी संध्याकाळ टाळावी. डिस्क पुसावयाची असल्यास प्रत असलेली बाहेरची डिस्क आधीं काढून ठेवावी. यादींत दोन डिस्का शेजारीं शेजारीं दिसतात, आणि चुकीच्या ओळीवर बोट पडलें कीं मूळ व प्रत दोन्ही जातात.

नवी कार्यप्रणाली सुरू झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. छपाई होते कीं नाहीं, आवाज येतो कीं नाहीं, जुना मराठी कागद वाचतां येतो कीं नाहीं, हें पहिल्या आठवड्यांतच पाहावें. कारण विंडोजमध्यें जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट सामान्यतः १० दिवसच खुली असते. बाहेरच्या डिस्कवरील प्रत त्यानंतरही पुसूं नये. तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून ती कपाटांत ठेवावी आणि वर्षांतून दोनतीनदां नवी करावी. नवा कारभारीही कधीं तरी बदलावा लागणारच आहे. त्या दिवशीं घरधन्याजवळ अशी प्रत असली, म्हणजे त्याला चिंता करण्याचें कारण उरणार नाहीं.